‘व्यवस्था’ आणि ‘चपळता’ : सॉफ्टवेअर-निर्मितीतील दोन संज्ञांचा इतिहास

इ. स. २००१ च्या फेब्रुवारीत, ११ ते १३ या तारखांस, अमेरिकेच्या यूटा राज्यातील स्नोबर्ड येथे सॉफ्टवेअर-निर्मितीच्या व्यवसायातील सतरा जण एकत्र जमले आणि त्यांनी एक छोटेखानी जाहीरनामा सिद्ध केला. चार मूल्ये आणि त्यांस जोडलेली बारा तत्त्वे एवढाच त्याचा विस्तार. पुढील दोन दशकांत संगणक-व्यवसायाची दिनचर्या जिने पालटून टाकली त्या ‘अजाइल’ चळवळीचा हा मूळ लेख होय. भाषाभ्यासकाच्या सवयीने या लेखाची शब्दसूची केली असता एक गोष्ट नजरेत भरते. ‘टीम’ हा शब्द बारा तत्त्वांत तीन ठिकाणी येतो. ‘सिस्टिम’ हा शब्द मात्र मूल्यांत नाही आणि तत्त्वांतही नाही. ज्या व्यवसायाची बोली ‘सिस्टिम’ या शब्दावाचून चार वाक्ये पुढे सरकत नाही, त्याच्या जाहीरनाम्यात तो एकदाही येऊ नये, हे नवल म्हटले पाहिजे.

शब्द मोजून विचारांचा इतिहास लिहिता येत नाही, हे मान्यच आहे. तथापि येथे प्रश्न केवळ एका शब्दाचा नाही. अजाइल पद्धतीची जी साधने आज सर्वपरिचित आहेत त्यांपैकी बहुतेकांचा उगम विसाव्या शतकातील व्यवस्थाविचारात आहे. असे असता ज्या विचाराकडून साधने घेतली त्याचे नावच चळवळीने का टाळले? आणि नाव टाळताना विचाराचाही काही भाग मागे राहिला काय? प्रस्तुत लेखकाच्या मते तसा तो राहिला. प्रत्याभरणाची, म्हणजे झालेल्या कामाचा परिणाम पाहून पुढचे काम दुरुस्त करण्याची, कल्पना चळवळीने मनःपूर्वक स्वीकारली. व्यवस्थेची सीमा कोठे आखावयाची, हा दुसरा आणि अधिक अडचणीचा प्रश्न मात्र तिने सोडून दिला.

प्रथम संज्ञांचा विचार करू. ‘सिस्टिम’ हा ग्रीक शब्द. त्याचा मूळ अर्थ ‘एकत्र उभे केलेले’ असा असून त्यातील धातू आपल्या ‘स्था’ धातूचा सगोत्र आहे. तेव्हा ‘व्यवस्था’ व ‘संस्था’ हे आपले शब्द त्याचे निव्वळ भाषांतर नसून धातूच्या नात्याने भाऊबंदच ठरतात. ‘प्रणाली’ हा पर्याय शासनव्यवहारात रूढ झाला आहे. परंतु प्रणाली म्हणजे मुळात पाण्याचा पाट, आणि पाट एकाच दिशेने वाहतो. येथे ज्या कल्पनेचा विचार करावयाचा आहे तिच्यात प्रवाह उलटून मुळापाशी येतो. म्हणून या लेखात ‘व्यवस्था’ हाच शब्द योजला आहे. ‘अजाइल’ हा शब्द लॅटिनमधील ‘हाकणे, करणे’ अशा अर्थाच्या धातूपासून आला. वैदिक ‘अज्’ हा त्याचा सगोत्र. एक शब्द उभे राहण्यातून निघाला, दुसरा हाकण्यातून. ‘चपळ’ हा मराठी प्रतिशब्द ठीक आहे. संस्कृतात ‘चपल’ म्हणजे अस्थिर, चंचल. मराठीत मात्र ‘चपळ’ ही स्तुती आणि ‘चंचल’ ही निंदा. अजाइल पद्धतीचे समर्थक आणि टीकाकार यांच्यात जो वाद चालतो तो पुष्कळदा याच दोन अर्थांमधला असतो.

व्यवस्थाविचार हे एकाच शाळेचे नाव नाही. नॉर्बर्ट वीनर यांचा ‘सायबरनेटिक्स’ हा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. जीवशास्त्रज्ञ बर्टालॅन्फी यांनी सामान्य व्यवस्था-उपपत्तीचा पुरस्कार केला आणि त्यांचा त्या नावाचा ग्रंथ १९६८ मध्ये निघाला. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांस या कल्पनेची ओळख त्याहून जुनी आहे. सोस्यूर यांची व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर १९१६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली; भाषेतील घटकाचे मूल्य त्याच्या स्वतःच्या ठायी नसून इतर घटकांशी असलेल्या संबंधांत असते, हा त्यांचा मुख्य सिद्धांत. परंतु सोस्यूरची व्यवस्था ही एका क्षणाची छेदरेषा होय. उद्योगव्यवसायाला जिची गरज होती ती व्यवस्था काळात हलणारी होती, आणि तिची नीट मांडणी जे फॉरेस्टर यांनी केली.

फॉरेस्टर हे मूळचे विद्युत्-अभियंते. संगणकाच्या चुंबकीय स्मृतीवरील कामामुळे व ‘व्हर्लविंड’ या आरंभीच्या संगणकामुळे ते प्रसिद्ध झाले आणि १९५६ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या व्यवस्थापनशास्त्र विभागात गेले. तेथे त्यांच्यापुढे जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या केंटकीतील कारखान्याचे एक कोडे आले. हा कारखाना काही वर्षे तीन-तीन पाळ्यांत चाले आणि नंतर काही वर्षांनी निम्मे कामगार घरी बसवावे लागत. बाजारातील तेजीमंदीकडे बोट दाखविणे सोपे होते, पण तेवढ्याने उलगडा होईना. फॉरेस्टर यांनी कागदावर रकाने आखून मालाचा साठा, मागण्या, कामगारांची संख्या आणि ती वाढविण्या-घटविण्याचे नियम मांडले व आठवड्यामागून आठवडा आकडेमोड केली. निष्पन्न असे झाले की, बाहेरून येणारी मागणी स्थिर धरली तरी हे हेलकावे कारखान्याच्या आतल्या आतच निर्माण होतात. प्रत्येक अधिकारी आपल्या जागी शहाणपणानेच वागत होता. त्या सर्व शहाणपणाची बेरीज मात्र वेडेपणाची होत होती. १९६१ च्या ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ या ग्रंथात ही मांडणी विस्ताराने आली. हे उदाहरण वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे हैदराबादच्या प्रकरणात त्याची गरज पडेल.

आता चपळ पद्धतीची वंशावळ. तिची सर्वांत ठळक शाखा कारखान्यातून येते. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या सेवेतील वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण-आलेखाची कल्पना मांडली, आणि १९३९ च्या ग्रंथात विनिर्देश, उत्पादन व तपासणी या तीन पायऱ्या सरळ रेषेत न ठेवता वर्तुळात मांडाव्यात असे सुचविले. (हेच शूहार्ट १९४७-४८ साली महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून भारतात आले होते, आपल्याकडील सांख्यिकी गुणनियंत्रणाच्या इतिहासात त्या भेटीला स्थान आहे.) शूहार्ट यांच्या ग्रंथाचे संपादन करणारे डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानी अभियंत्यांपुढे व उद्योगपतींपुढे व्याख्याने दिली. डेमिंग यांच्या विचारात वर्तुळाइतकेच महत्त्व दुसऱ्या एका गोष्टीला होते : दोषांचा फार मोठा वाटा व्यवस्थेचा असतो, कामगाराचा नव्हे. १९८६ च्या ग्रंथात त्यांनी हा वाटा शेकडा ९४ असा अंदाजिला.

टोयोटा कारखान्यात ताइइची ओनो यांनी जी ‘कानबान’ पद्धत रुजविली तिच्याकडे भाषेच्या दृष्टीनेही पाहण्यासारखे आहे. जपानीत कानबान म्हणजे दुकानाची पाटी. अमेरिकेतील सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाईक फळीवरची वस्तू उचलते आणि जेवढी उचलली तेवढीच पुन्हा भरली जाते, या व्यवहारावरून ओनो यांनी कल्पना घेतली. पुढच्या विभागाने माल उचलला की त्याबरोबरची चिठ्ठी मागच्या विभागाकडे जावयाची आणि त्या चिठ्ठीइतकेच काम मागच्याने करावयाचे. म्हणजे ही चिठ्ठी दोन विभागांच्या मधल्या हद्दीवर फिरणारी होती. तिचे सगळे सामर्थ्य हद्द ओलांडण्यात होते. आज सॉफ्टवेअरच्या कचेऱ्यांतून ‘कानबान’ म्हटले की भिंतीवरचा किंवा पडद्यावरचा फलक डोळ्यांपुढे येतो, आणि तो बहुधा एकाच गटाचा असतो. चिठ्ठीचा अर्थ फलकावर गेला, हा साधा अर्थसंक्रमणाचा प्रकार खरा; परंतु संक्रमणात हद्द गळून पडली.

असाच प्रकार ‘स्क्रम’ या शब्दाबाबत घडला. हिरोताका ताकेउची व इकुजिरो नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी १९८६ च्या आरंभी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये एक निबंध लिहिला. होंडाची मोटार, कॅनॉनचे कॅमेरे, फुजी-झेरॉक्सचे प्रतियंत्र इत्यादी वस्तू कशा घडल्या हे सांगताना त्यांनी रग्बीच्या खेळाची उपमा दिली : एकाने दुसऱ्याच्या हाती काठी देण्याची शर्यत नव्हे, तर सर्वांनी मिळून चेंडू पुढे नेण्याचा खेळ. जेफ सदरलँड यांनी १९९३ मध्ये ईझेल कंपनीत ‘स्क्रम’ हे नाव घेऊन काम सुरू केले आणि १९९५ मध्ये केन श्वाबर यांनी त्या पद्धतीवर निबंध सादर केला. त्या जपानी निबंधात यशस्वी निर्मितीची सहा लक्षणे सांगितली आहेत. गटाने आपले आपण संघटित होणे, टप्पे एकमेकांत मिसळणे, बेताचे नियंत्रण ही लक्षणे नव्या पद्धतीत ठळकपणे उतरली. सहावे लक्षण मात्र असे की, एका गटाने मिळविलेले ज्ञान संपूर्ण संस्थेत संक्रमित व्हावे. आज जी ‘स्क्रम’ शिकविली जाते तिच्यात या सहाव्या लक्षणाला स्वतंत्र विधी नाही. दररोजची उभ्याने बैठक आहे, आवर्तनाच्या शेवटी समीक्षा आहे, गटाचे आत्मपरीक्षण आहे. पण गटाबाहेर ज्ञान नेण्याची जबाबदारी कोणाची, हे सांगितलेले नाही.

दुसरी शाखा वास्तुशास्त्राची आहे आणि आपल्या दृष्टीने तिला विशेष महत्त्व आहे, कारण तिच्या मुळाशी हिंदुस्थानातील एक खेडे आहे. क्रिस्टोफर अलेक्झांडर यांच्या १९६४ च्या ग्रंथात गुजरातेतील एका खेड्याच्या १४१ गरजा नोंदलेल्या आहेत. कोणती गरज कोणत्या गरजेवर अवलंबून आहे हे पाहून त्यांचे गट पाडावयाचे आणि गटागटाने रचना करावयाची, अशी ती पद्धत होती. पुढच्याच वर्षी त्यांनी नगर हे वृक्षाच्या फांद्यांसारखे विभागता येत नाही, असा निबंध लिहिला आणि कालांतराने स्वतःच्या जुन्या गणिती पद्धतीपासून ते दूर झाले. १९७७ मध्ये ‘पॅटर्न लँग्वेज’ हा ग्रंथ आला. त्यात रचनेचे नमुने शब्दांसारखे असून त्यांना जोडणारे एक व्याकरण असते, असा विचार आहे. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८७ मध्ये ही कल्पना आज्ञावली-लेखनात आणली. हे दोघेही पुढे स्नोबर्डच्या सतरांत होते. घरात राहणाऱ्यानेच घराच्या रचनेत भाग घ्यावा, हा अलेक्झांडर यांचा आग्रह बेक यांच्या पद्धतीत ग्राहकाने निर्मात्यांच्या शेजारी बसावे या नियमाच्या रूपाने दिसतो, असे मला वाटते. परंतु नमुन्यांना जोडणारी ‘भाषा’ मागे पडली आणि नमुन्यांचे कोश तेवढे उरले. भाषाशास्त्राच्या अध्यापकाला याची थोडी खंत वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी.

इतके ऋण असताना ‘व्यवस्था’ हा शब्द का टाळला गेला? याचे उत्तर शब्दाच्या संगतीत सापडते. अमेरिकेत सॉफ्टवेअर आणि ‘सिस्टिम’ यांची सांगड प्रथम लष्करी प्रकल्पांनी घातली. हवाई संरक्षणाच्या ‘सेज’ या प्रचंड योजनेसाठी आज्ञावली लिहिणारी संस्था १९५७ मध्ये स्वतंत्र झाली तेव्हा तिचे नावच ‘सिस्टिम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन’ असे होते. १९७० मध्ये विन्स्टन रॉइस यांनी मोठ्या ‘सॉफ्टवेअर सिस्टिम्स’च्या निर्मितीवर जो निबंध वाचला त्यात टप्प्यामागून टप्पा उतरत जाणारी आकृती होती. ही साधी रीत धोक्याची असून अपयशाला आमंत्रण देते, असे रॉइस यांनी तेथेच लिहिले आणि नवे काम दोनदा करून पाहावे असेही सुचविले. पण वाचकांनी आकृती घेतली आणि इशारा सोडला. ‘वॉटरफॉल’, म्हणजे धबधबा, हे नावही रॉइस यांचे नव्हे, ते मागाहून पडले. १९८५ च्या अमेरिकी संरक्षण खात्याच्या मानकाने टप्प्याटप्प्यांच्या कामाला व कागदपत्रांना आणखी बळ दिले. तेव्हा १९९० च्या दशकातील बंडखोर निर्मात्याच्या कानी ‘सिस्टिम’ हा शब्द पडे तो जाडजूड दस्तऐवज, दूरचा विश्लेषक आणि वर्षानुवर्षे न हलणारी योजना यांना बरोबर घेऊन. शब्द प्रतिपक्षाच्या निशाणावर होता.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. स्नोबर्डच्या सतरांपैकी जिम हायस्मिथ यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ जटिल अनुकूलनशील व्यवस्थांच्या उपपत्तीवरच उभा आहे. मग चळवळ या विचाराला पारखी होती असे कसे म्हणावे? आक्षेप रास्त आहे, आणि त्यामुळे मूळ विधान अधिक नेमके करता येते. त्या उपपत्तीतून चळवळीने जे घेतले ते ‘उद्भव’ हे तत्त्व : लहान घटकांचे स्थानिक नियम नीट असले की एकूण सुव्यवस्था आपोआप उद्भवते. उत्तम रचना स्वयंसंघटित गटांतून उद्भवतात, असे अकरावे तत्त्व सांगते ते याच अर्थाने. फॉरेस्टर यांच्या केंटकीच्या कारखान्याने याच्या नेमके उलट दाखविले होते. तेथे स्थानिक नियम नीटच होते, आणि उद्भवले ते हेलकावे. व्यवस्थाविचारात हे दोन्ही निष्कर्ष आहेत. चळवळीने त्यांतील आशादायक तेवढा उचलला.

दुसरा पर्याय उपलब्ध नव्हता असे नाही. जेराल्ड वाइनबर्ग यांनी नासाच्या ‘मर्क्युरी’ अवकाश-प्रकल्पावर काम केले होते. त्या प्रकल्पात अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या आवर्तनांनी आज्ञावली घडविली जाई. चपळ पद्धतीच्या नावाचा जन्म होण्यापूर्वी जवळजवळ चाळीस वर्षे. त्याच वाइनबर्ग यांनी १९७५ मध्ये सामान्य व्यवस्थाविचारावर प्रास्ताविक ग्रंथ लिहिला. छोटी आवर्तने आणि समग्राचा विचार एकाच माणसाच्या हातून एकत्र नांदू शकतात, याचा यापेक्षा चांगला पुरावा कोणता द्यावा? मेल्विन कॉनवे यांनी तर १९६८ मध्येच दाखवून दिले होते की, संस्था जी रचना करते ती तिच्या स्वतःच्या अंतर्गत दळणवळणाची प्रतिकृती असते. हे विधान खरे मानले तर गटाची हद्द आखणे म्हणजेच सॉफ्टवेअरची रचना करणे होय.

ही हद्द व्यवहारात कशी भोवते हे मायक्रोसॉफ्टच्या एका प्रकरणात स्वच्छ दिसते. डेव्हिड अँडरसन यांनी ते २००५ पासून लेखांतून व २०१० च्या ग्रंथात मांडले आहे. कंपनीच्या अंतर्गत वापराच्या आज्ञावलींमध्ये दुरुस्त्या करणारा एक छोटा गट हैदराबादेत होता : तीन निर्माते आणि तीन परीक्षक. मागण्या अमेरिकेतून येत. २००४ मध्ये एखादी मागणी पुरी होण्यास सुमारे पाच महिने लागत, थकलेल्या मागण्यांची रांग वाढत होती आणि गटाची अपकीर्ती झाली होती. बाहेरून पाहणाऱ्याने काय निदान केले असते? माणसे संथ आहेत, दूर आहेत, त्यांना नवी पद्धत शिकविली पाहिजे. वस्तुतः हा गट शिस्तबद्ध होता आणि काम जाणणारा होता.

व्यवस्थापक म्हणून आलेल्या ड्रागोस डुमित्रियू यांनी अँडरसन यांच्या सल्ल्याने कामाचा माग घेतला, तेव्हा दोष एका नियमात सापडला. प्रत्येक मागणी आली की ४८ तासांत तिच्या खर्चाचा अंदाज पाठवावा, असा दंडक होता. अंदाज नेमका हवा म्हणून निर्माता आणि परीक्षक हातचे काम टाकून त्यामागे लागत. गटाची सुमारे एक-तृतीयांश शक्ती अंदाज बांधण्यात जाई, आणि अंदाज बांधलेल्या मागण्यांपैकी पुष्कळशा पुढे केल्याच जात नसत. या अंदाजांमुळे चालू कामाची दिलेली मुदत चुके; मुदत चुकली की मागणी करणाऱ्यांचा विश्वास उडे; विश्वास उडाला की ते अधिक अंदाज आणि अधिक फेरआखणी मागत. केंटकीचे वर्तुळ येथे हैदराबाद व अमेरिका यांच्या दरम्यान फिरत होते. अंदाज मागणारा अधिकारी चुकत नव्हता. खर्चाचा हिशेब ठेवणे हे त्याचे कामच होते.

उपाय म्हणून अंदाज बंद करण्यात आले. एका वेळी हाती घ्यावयाच्या कामांची संख्या मर्यादित केली आणि जागा रिकामी झाली की पुढची मागणी कोणती घ्यावयाची एवढेच मागणी करणाऱ्यांनी ठरवावे, असे ठरले. निर्माते आज्ञावली कशी लिहितात व परीक्षक ती कशी तपासतात यात काहीही बदल केला नाही. कोंडी निर्मितीत आहे, परीक्षणात नाही, हे दिसल्यावर मागाहून प्रमाण चार निर्माते व दोन परीक्षक असे करण्यात आले. नऊ महिन्यांत मागणी पुरी होण्याचा सरासरी काळ पाच महिन्यांवरून १४ दिवसांवर आला. या बदलाला त्या वेळी कानबान असे नावही नव्हते. गोल्डरॅट यांच्या अडथळा-उपपत्तीतून, म्हणजे १९८४ च्या ‘द गोल’ या कादंबरीवजा पुस्तकाने लोकप्रिय केलेल्या कल्पनेतून, तो घेतला होता.

या प्रकरणाचे महत्त्व आकड्यांत नाही. हैदराबादच्या सहा जणांनी दर पंधरवड्यास कितीही प्रामाणिकपणे आत्मपरीक्षण केले असते, तरी ४८ तासांचा दंडक त्यांना बदलता आला नसता. तो त्यांच्या हद्दीबाहेर, दुसऱ्या खंडात आणि दुसऱ्या खात्यात होता. आत्मपरीक्षणाचा विधी गटाला जे दिसते तेवढेच दुरुस्त करू शकतो. पुण्यामुंबईच्या सॉफ्टवेअर कचेऱ्यांत परदेशी ग्राहकांसाठी काम करणाऱ्यांना ही स्थिती नवी वाटणार नाही : आवर्तन यांचे, आत्मपरीक्षण यांचे, नियम मात्र सात समुद्रांपलीकडचा. अशा ठिकाणी ‘गट स्वयंसंघटित आहे’ हे वाक्य गौरवाचे राहत नाही. गटाच्या वेगाचे गुण मोजून दोन गटांची तुलना करण्याची जी प्रथा पडली आहे तीही याच मुळावरची फांदी होय. असे गुण देण्याची कल्पना कदाचित आपणच काढली असावी आणि तसे असल्यास त्याचा आपल्याला खेद वाटतो, अशा आशयाचे सतरांपैकी रॉन जेफ्रीज यांनी पुढे लिहिले आहे.

समग्राचा प्रश्न नंतर परत आला, हे नमूद केले पाहिजे. मेरी व टॉम पॉपेन्डीक या दांपत्याने २००३ च्या ग्रंथात टोयोटाची तत्त्वे सॉफ्टवेअरला लावताना ‘समग्र पाहा’ हे सातवे तत्त्व म्हणून सांगितले. मोठ्या संस्थांसाठी २०११ पासून प्रचारात आलेल्या ‘सेफ’ या आराखड्यात तर ‘व्यवस्थाविचार लागू करा’ असा शब्दशः आदेश दुसऱ्या क्रमांकावर आहे. परंतु पॉपेन्डीक यांचे तत्त्व आणि ‘सेफ’चा आदेश यांत अंतर आहे. पॉपेन्डीक मागणी आल्यापासून ती पुरी होईपर्यंतची वाट कागदावर काढावयास सांगतात, खात्यांच्या भिंती ओलांडून. हैदराबादेत झाले ते तेच. ‘सेफ’मध्ये गट, गटांचे समूह आणि समूहांचे समूह यांची जी उतरंड रचली आहे ती पाहिली की अलेक्झांडर यांचा १९६५ चा वृक्षाविषयीचा निबंध आठवतो. शब्द परत आला आहे. तो आता एका मोठ्या तक्त्यातील चौकटीत, क्रमांकासह, बसला आहे.